मुकादम तोंड लावीना

बुधवारी सकाळी मुकादमाने बोंबलाला नाक लावलं, क्षणभर विचार केला आणि मान फिरवली.

काळाचौकीच्या त्या बाजारगल्लीत एवढी शांतता गणपती गेल्यापासून, म्हणजे कालपासून, पहिल्यांदाच पसरली. मंजुळेच्या पाटीभोवती पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पुढच्या रांगेत हात जोडल्यासारखे धरून उभे असलेले हेमचंद्र मास्तर अर्धं पाऊल मागे सरकले. मंजुळेने घाईघाईने ताटली जरा पुढे ढकलली. मुकादम उठला, तिच्याकडे पाठ करून बसला आणि समोरच्या पिठाच्या गिरणीकडे बघू लागला.

मुकादम म्हणजे मंजुळेचा बोका. रंगाने फिकट केशरी, एक कान फाटका, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की या जगाने त्याला अजून पुरतं समाधान दिलेलं नाही. शीव कोळीवाड्यातून रोज सकाळी तो मंजुळेबरोबर टेंपोतून यायचा, पाटीशेजारच्या गोणपाटावर बसायचा आणि मंजुळा पहिला मासा त्याच्या ताटलीत टाकायची. तो जेवला की धंदा सुरू. ही पद्धत कोणी ठरवून पाडली नव्हती. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने "ताजं हाय ना गो?" म्हणून चारदा विचारलं, तेव्हा मंजुळा भडकून म्हणाली होती, "माझा बोका खातो तर तुझ्या नवऱ्याला काय धाड भरते?" आणि बोक्याने खरंच सगळ्यांदेखत आख्खा बांगडा फस्त केला. झालं! तेव्हापासून गल्लीत मुकादमाचा शब्द अखेरचा. शब्द म्हणजे घास.

हेमचंद्र मास्तरांची तर त्याच्यावर श्रद्धाच बसली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांचा बऱ्याच गोष्टींवरचा विश्वास उडाला होता. दूध, तूप, वर्तमानपत्र, सगळ्यांत भेसळ. "हा एकच अधिकारी असा राहिलाय," ते नव्या गिऱ्हाइकाला सांगत, "जो लाच घेतो ती सगळ्यांसमोर, आणि घेऊनही निकाल खराच देतो."

आणि आज, श्रावणापासून कोरडी पडलेली तोंडं मासळीसाठी आसुसलेली असताना, मंजुळेने भाऊच्या धक्क्यावरून दुप्पट माल उचललेला असताना, या अधिकाऱ्याने मान फिरवली होती.

"पोट भरलेलं असंल," मंजुळा हसून म्हणाली. कालपासून त्याच्या पोटात काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मांदेली टाकून पाहिली. नाही. बांगडा टाकला. नाही. शेवटी काळजावर दगड ठेवून पापलेटाचं डोकं उडवलं आणि ताटलीत ठेवलं. मुकादमाने पापलेटाकडे अशा नजरेने पाहिलं की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

"मंजुळाबाई, येतो मी," मास्तर म्हणाले.

"आता तर आलात! काय येतो?"

"नाही, आज जरा... आमच्याकडे वांगी आणलीत."

"मास्तर, बोंबील बघा तरी, कसा आरशावानी हाय!"

"तुमच्यावर अविश्वास नाही हो," मास्तर खाली मान घालून म्हणाले, "पण निकाल लागलाय."

त्यांच्या मागोमाग गर्दी अशी विरघळली की मंजुळेच्या तोंडचं पाणीच पळालं. दुपारपर्यंत मुकादमाचा मान फिरवलेला फोटो चाळीचाळींच्या ग्रुपवर फिरला. फोटोत तो फार भारदस्त दिसत होता. खाली कोणी लिहिलं, औषध मारलेला माल आहे. कोणी लिहिलं, समुद्रच नासलाय. ज्यांना मंजुळा कुठे बसते हेही माहीत नव्हतं, त्यांनीही त्या दिवशी पनीर आणलं.

शेजारी सुक्या मासळीची पाटी घेऊन बसणारी कौसल्या हे सगळं तोंडाला पदर लावून बघत होती. या दोघींचं जुनं वाकडं. कौसल्येच्या पाटीला मंजुळा चारचौघांत 'मढ्याची पाटी' म्हणायची.

"माझी मासळी सुकी तर सुकी," कौसल्या हवेत बोलली, "पण तिला बोक्याचं सर्टिफिकेट लागत नाय."

मंजुळेने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बर्फ संपला म्हणून माल पडेल त्या भावाने हॉटेलवाल्याला देऊन टाकला.

घरी तिचा नवरा विठोबा खाटेवर वाट बघत बसला होता. बोटीवरचं काम सुटल्यापासून घरातली सगळी निदानं तोच करायचा. त्याने मुकादमाला उलटसुलट पाहिलं आणि जाहीर केलं, "नजर लागली. गल्ली सगळी त्याच्या घासाकडं बघतेय, मंग काय होनार?"

मग मीठ-मोहरी-मिरच्या उतरल्या. मिरच्यांचा ठसका शेजारच्या तीन घरांत गेला, मुकादमाला मात्र काही फरक पडला नाही. म्हणून विठोबाने धुपाची धुरी दिली. मुकादम शिंकला. शिंकतोय म्हणजे सर्दी, या हिशेबाने त्याने बोटभर बाम काढून त्याच्या नाकाला चोळला. मुकादम फवाऱ्यासारखा उडाला तो थेट कपाटाखाली. त्याला बाहेर काढायला विठोबाने पापलेट तळलं, मग कोळंबी तळली, मग दोन्ही थंड होऊन वाया जातील म्हणून स्वतः खाल्ली.

"जेवला का?" मंजुळेने आतून विचारलं.

"मी होय, तो नाय."

गुरुवारी तसाही बाजार थंड. दुपारी मंजुळेने कपाटाखाली वाकून हाक मारली, "मुकादमा, ये रे बाबा." एरवी या हाकेला निदान शेपटीचं टोक तरी हलायचं. आज डोळेसुद्धा उघडले नाहीत. तिने हात घालून त्याला ओढून घेतलं तर हाताला भलताच हलका लागला. कालपासून ती माल, गिऱ्हाईक, कौसल्या यांचाच विचार करत होती. आता ते सगळं एका क्षणात खड्ड्यात गेलं. हा बोका गेला तर सकाळी टेंपोत आपल्या मांडीवर कोण बसणार, एवढंच तिला कळत होतं.

"रिक्षा बोलव," ती विठोबाला म्हणाली. "धंदा गेला तर जाऊ दे. ह्यो राह्यला पायजे."

जनावरांची डॉक्टर दीपिका काळाचौकीच्याच चाळीत वाढलेली. तिचा दवाखाना जुन्या सायकलच्या दुकानाच्या जागेत होता. तिने मुकादमाला टेबलावर घेतलं, तोंड उघडून दात पाहिले, पोट चाचपलं आणि नाकाशी वाकून म्हणाली, "ह्याला बाम कोणी लावला?"

विठोबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"मावशी, कुत्र्यामांजरांना बाम लावायचा नसतो. विष आहे ते त्यांना. आणि हा धुराचा वास येतोय तो काय?"

"दृष्ट काढली," मंजुळा पुटपुटली.

डॉक्टरने ओला कापूस घेऊन हळूहळू त्याचं नाक पुसलं. कापूस लालभडक झाला. विठोबा मटकन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "रगत! संपलं सगळं."

डॉक्टरने कापूस उजेडात धरला, बोटांत चोळून पाहिला.

"रक्त नाही काका. गुलाल आहे."

मंजुळेच्या डोळ्यांसमोर मंगळवारची मिरवणूक उभी राहिली. मंडळाच्या पोरांनी मुकादमाला गल्लीचा मानकरी म्हणून हातगाडीवर बसवलं होतं, कच्छी बाजाचे ढोल अगदी त्याच्या कानाशी. येईल तो त्याच्या कपाळाला गुलाल लावून पाया पडत होता. आणि कौतुकाने ऊर भरून आल्यामुळे पहिली मूठ तिनेच उधळली होती.

"म्हंजे आमीच," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

"अहो, रडू नका. नाक चोंदलंय, आणि त्या आवाजाने जीव घाबरलाय. मांजर नाकाने जेवतं मावशी. वास नाही आला तर त्याला पापलेट काय आणि पुठ्ठा काय, सारखंच. बरं, एरवी हा जेवतो कुठे?"

"बाजारात. पाटीजवळ."

"तेव्हा आजूबाजूला कोण असतं?"

"गिऱ्हाइकं."

"किती?"

मंजुळेने थोडा विचार केला. "रविवारी आख्खी गल्ली असते. मास्तर तर वाकून बघतात."

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक काम करा. उद्या तुम्ही जेवायला बसा, मी गल्ली बोलावते. मग सांगा किती घास जातात."

मग तिने नीट समजावलं. धूर नको, बाम नको. मोरीत गरम पाण्याची वाफ कोंडून त्याला थोडा वेळ आत ठेवायचा, नाक ओल्या फडक्याने पुसायचं. जबरदस्तीने काही कोंबायचं नाही. जेवण कोमट, अगदी थोडं, आणि कोणीही बघत नसताना. "पण आज त्याच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं, मग आवरत नाही. रात्रीपर्यंत खाल्लं नाही तर सरळ घेऊन या, मी ॲडमिट करते."

"पन वासच येत नाय तर खाईल कसा?"

"त्या बंद नाकातूनही आत शिरेल असा दांडगा वास हवा. ताज्या मासळीचं काम नाही. सुका जवळा बघा. बिनमिठाचा, तव्यावर जरा गरम केलेला."

मंजुळा मुकादमाला कडेवर घेऊन दवाखान्यातून बाजारगल्लीत आली. सुका जवळा गल्लीत एकाच पाटीवर मिळत होता. कौसल्या आवराआवर करत होती. मंजुळा समोर जाऊन उभी राहिली. कडेवरचा मुकादम बारीक आवाजात काहीतरी म्हणाला, तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं.

"कौसल्ये, मूठभर जवळा दे गो. तो जेवत नाय."

इतक्या वर्षांचं सगळं कौसल्येच्या जिभेच्या टोकावर आलं असणार. पण तिने मुकादमाकडे पाहिलं, उठली, आणि पाटीच्या तळातून चांगला दोन मुठी जवळा काढून कागदात बांधला.

"हा बिनमिठाचा हाय. वरचा नको देऊ त्याला," ती म्हणाली. आणि मग राहवलं नाहीच म्हणून, "मढ्याचा हाय, चालंल ना?"

"चालंल," मंजुळा म्हणाली.

घरी तव्यावर जवळा पडला आणि वासाने कोळीवाड्याची ती अख्खी आळी जागी झाली. मंजुळेने चिमूटभर ताटलीत घातला, वाफेने भिजून निम्मा झालेल्या मुकादमासमोर ठेवला, आणि विठोबाला दंडाला धरून भिंतीकडे वळवलं. दोघं म्हातारी भिंतीकडे तोंड करून शाळेतल्या पोरांसारखी उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. विठोबा वळायला लागला तशी मंजुळेने त्याला कोपर मारलं.

मग मागून आवाज आला. बारीक, कोरडा, कुरकुर असा. थांबला. पुन्हा आला. मंजुळेने आयुष्यभर समुद्राचे, बाजाराचे, लिलावाचे आवाज ऐकले होते, पण एक जीव घास चावतो तो आवाज इतका मोठा असतो हे तिला त्या दिवशी कळलं. तिने भिंतीलाच हात जोडले.

रविवारी मुकादम स्वतःहून टेंपोपाशी जाऊन बसला, म्हणून तिने त्याला आणलं. घरी पोटभर जवळा खाऊन आलेला होता. गल्ली दुरून बघत उभी होती. मंजुळेने सगळ्यांना खरं ते सांगून टाकलं, "मासळीत कायपन खोट नव्हती. ह्याच्या नाकात गुलाल गेलता. डॉक्टरीनबाय म्हनली, ह्याला वासच येत नव्हता."

मास्तर पुढे आले. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"म्हणजे बुधवारी याचं नाक बंद होतं?"

"पुरतं बंद."

"आणि तरीसुद्धा याला कळलं!" मास्तरांचा आवाज कापला. "नाक नसताना! अहो, आपण याला मांजर समजत होतो!"

गर्दीतून एक लांब 'आँ' निघाला. दोघीतिघींनी पायातल्या चपला काढल्या. मंजुळेने कपाळाला हात लावला. यांना समजावण्यात अर्थ नव्हता. तिने बोंबील ताटलीत टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"एक ऐका. जेवताना त्याच्याकडं कोनी बघायचं नाय. डॉक्टरचा हुकूम हाय. पाठ फिरवा सगळ्यांनी."

आणि आख्खी गल्ली वळली. पिशव्या, छत्र्या, कडेवरची पोरं, पिठाच्या गिरणीचा मालक, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. कौसल्यासुद्धा. मंजुळाही वळली. मागून चावण्याचा आवाज येऊ लागला, तसे मास्तर पुटपुटले, "ऐका, ऐका."

मंजुळेला राहवलं नाही. तिने हळूच मान वळवली. मुकादम पंजे दुमडून, अर्धे डोळे मिटून गोणपाटावर बसला होता, जागचा हललाही नव्हता. ताटलीत तोंड घालून बसली होती गटारापलीकडून आलेली एक किडकिडीत कबरी मांजरी. असल्या भटक्या मांजरांवर मंजुळा पाण्याचा मग रिकामा करायची. सवयीने तिचा हात मगाकडे गेलासुद्धा. पण मांजरीची आचळं ओघळलेली होती, म्हणजे कुठेतरी पिल्लं होती, आणि ती अशी खात होती की जणू बोंबलाला पंख फुटणार आहेत.

"वळू का?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा हो. अजून जेवतंय."

शेवटी ताटली लखलखीत झाली, मांजरी गाड्यांखाली नाहीशी झाली आणि गल्ली वळली. स्वच्छ ताटली बघून मास्तरांनी डोळे पुसले आणि दोन पापलेटं, अर्धा किलो बोंबील मागितले. मग एकच झुंबड उडाली. मांजरानेच खाल्लं होतं, एवढं तरी खोटं नव्हतं, असं मंजुळेने स्वतःला समजावलं.

पापलेट साफ करता करता तिची नजर हातगाडीखाली गेली. मांजरी अजून तिथेच होती, ओठ चाटत. मंजुळेने मास्तरांचं पापलेट बाजूला ठेवलं, एक जाडजूड बांगडा उचलून ताटलीत टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "परत वळा सगळे. त्याला अजून पायजे."

आणि आख्खी गल्ली, एक शब्दही न विचारता, पुन्हा भिंतीकडे वळली.