सईला इचारून आत येनारं सर

"मालकीणबाई आहेत का घरात? आत येऊ का?"

दारातनं ह्यो आवाज आला आन् मी हातातली पोह्याची ताटली तशीच खाली ठिवली. समोर लोनावळ्याचं पावनं बसल्यालं. माज्या नणंदंला, कविताला बघाय आल्यालं. पोराची टुरिस्ट गाडी, सोताचं घर, संगं आईबाप आन् एक आत्याबाई. ती आल्यापास्नं तिचं डोळं नुसतं घरभर फिरत व्हतं. माजा नवरा मान खाली घालून बसल्याला. आन् मालकीणबाई, म्हंजी माजी सहा वर्साची सई, मागल्या खोलीत. परसाकडच्या दाराला भायेरनं कडी. कडी मीच लावल्याली.

मामा, म्हंजी माजं सासरं, सकाळीच म्हनलं व्हतं, "आजच्या दिस पोर म्होरं आनू नगं. घरात आसं लेकरू हाय म्हनल्यावर कविताला कोन करून न्हेईल?"

आन् दारात सर हुबं. डोक्यावर हेल्मेट.

ह्या सरांचं तुमाला सांगाय पायजे, न्हाईतर मी का घाबरले ते तुमाला कळायचं न्हाई.

सर तळेगावच्या एका संस्थेचं. सईसारखी लेकरं, जी उशिरा चालत्यात, बोलत न्हाईत, ज्यांना फिट येती, त्यांच्या घरी जायचं, डॉक्टर गाठून द्यायचा, अपंगाचं सर्टिफिकेट काढून द्यायचं, शाळंत बसवायचं, ह्ये त्यांचं काम. दर गुरवारी येत्यात. साठीला टेकल्यात, लगीन केलं न्हाई. स्कूटर हाय, तिलाच रोज पुसत्यात.

पन ह्यो मानूस सईला इचारल्याबिगर उंबरा वलांडत न्हाई. पयल्यांदा आलं तवा मामा म्हनलं, "या की सर, बसा." तर सर म्हनलं, "तुमचं बरोबर आहे हो, पण मी ज्यांच्याकडं आलोय त्यांनी 'या' म्हणायला पाहिजे." आता सई कुटं बोलती? ती हसली, न्हाईतर हात हालवला, की सर आत. एकदा ती रुसली व्हती, तर सर भायेर उनात हुबं. मामा चिडलं, "आरं, घर माजं हाय का तिचं?" सर भायेरनं म्हनलं, "घाई कुणाला आहे?"

"घाई कुणाला आहे?" ह्ये त्यांचं ठरल्यालं. सर्टिफिकेटासाठी दवाखान्यात गेलतो. तितला बाबू म्हनला, सायेब न्हाईत, उद्या या. सर म्हनलं, "घाई कुणाला आहे? मी डबा आणलाय." आन् त्याच्याच टेबलावर डबा उघडला. भेंडीची भाजी व्हती. बाबूला बी वाढली वर! भाजी संपायच्या आत सायेब आतल्या खोलीतच सापडलं. मंग ते सायेब मलाच इचाराय लागलं, हिला काय काय समजतं म्हनून. तर सर म्हनलं, "ती इथंच बसलीय की. तिच्याकडं बघून तरी विचारा." मला वाटलं, आता आपल्याला हाकलून देत्यात.

हेल्मेट तर घरात बी काढत न्हाईत. सईला त्यावर टकाटका वाजवाय लय आवडतं ना. च्या सुदिक हेल्मेटाची काच वर करून पित्यात. शेजारची मावशी म्हनती, "तुमचं सर आत बी गाडीवरच आसत्यात का गं?"

मदी मला झोपच लागना. उगंच रडाय यायचं, पोरीकडं बघून जीव घाबरा व्हायचा. सर म्हनलं, "ताई, तुमच्यासाठी पण डॉक्टर आहे." मी म्हनलं, मी काय येडी हाय? तर म्हनलं, "मी पण त्यांच्याकडंच जातो. दोघं जाऊ, रिक्षा एकच लागेल." आता गोळ्या चालू हायत. झोप लागती.

रागावत्यात ते एकाच गोष्टीवर. लेकराला लपवलं तर. पल्याडच्या वाडीत एकांनी पोराला आत कोंडलं व्हतं, तर त्याला भायेर आनीस्तवर सर त्यांच्या अंगनात बसून राह्यलं. डबा घिऊन.

तर आसा मानूस दारात. आन् गुरवार बी न्हवता. सईच्या फिटच्या गोळ्या संपत आल्यात म्हनून मधीच आलं व्हतं.

"कोन वं मालकीणबाई?" आत्याबाईनं इचारलं. सगळी माज्याकडं बघाय लागली.

मी म्हनलं, "हितं तसं कोन न्हाई. घर चुकलं तुमचं."

सरांनी माज्याकडं बघितलं. पोह्याच्या ताटल्या बघितल्या. कविताच्या डोक्यावरचा पदर बघितला. मला वाटलं, आता ह्ये डबा उघडत्यात. पन ते म्हनलं, "हो का? चुकलो खरा." आन् गेलं.

सुटले म्हनलं मी. थोड्या येळानं मागनं आवाज. टकटक, टकटक. मला कळलं. मामांना बी कळलं.

"शेरडू हाय," मामा म्हनलं. "खुंट्याला शिंगं घासतंय."

"लय ताल धरतंय की तुमचं शेरडू," आत्याबाई म्हनली, आन् हात धुवायचं निमित्त करून उठली. मी तिच्या मागं पळाले.

कडी काढल्याली. सर मागल्या पायरीवर सावलीला बसल्यालं, सई मांडीवर, हेल्मेट वाजवतीय. सर आजिबात बोलत न्हवतं. एवढा मोट्यांदा बोलनारा मानूस, तोंडावर बोट ठिवून तिला गप ऱ्हायला शिकवत व्हता.

"ही कुनाची वं?" आत्याबाई म्हनली.

मी दाराची कडी मुठीत धरली.

"माझी," सर म्हनलं. "नात आहे. घर सापडेना, म्हणून जरा सावलीला टेकलो."

तेवड्यात सईनं मला बघितलं. दोनी हात माज्याकडं केलं. खिदळाय लागली.

"आगं, तुज्याकडंच झेपावती की!"

मी म्हनलं, "लेकरूच ते. कुनाकडं बी जातं."

आन् हात म्होरं केलं न्हाईत. सई हात तसंच धरून राह्यली. सरांनीच तिला उचललं, गमज्यानं पोटाशी बांधलं आन् स्कूटरवर घिऊन गेलं.

पावनं गेल्यावर सर तिला घिऊन परत आलं. तिच्या तोंडाला आइस्क्रीम. मी म्हनलं, सर, चुकलं माजं, तुमी वरडा मला. ते वरडलं न्हाईत. गमज्यानं तिचं तोंड पुसलं. मंग म्हनलं, "टोलनाक्याजवळ आइस्क्रीमवाल्यानं विचारलं, नात का? मी त्यालाही हो म्हणालो. तिथं खोटं बोलायची काही गरज नव्हती, ताई."

हेल्मेटाची काच खाली करून म्हनलं, "मला परत असं बोलायला लावू नका. फार गोड लागलं."

स्थळानं व्हकार कळवलाय. कविता माज्या गळ्यात पडून रडली, वैनी, तुज्यामुळं जमलं म्हनली. मामा म्हनत्यात, साखरपुड्याला सरांनाच सांग, सईला नात म्हनूनच घिऊन या, जेवून जावा. मी अजून सरांना बोलले न्हाई. काय बोलू?

मागल्या पायरीवर पोर माज्याकडं हात करतीय, कविताचं लगीन माज्या एका शब्दावर. तुमी आसता माज्या जागी, तर तवा काय केलं आसतं वं?