एकेचाळिसावी उत्तरपत्रिका

दोरीवरचे ओले कपडे का वाळतात, या पाच गुणांच्या प्रश्नावर संशोधकसाहेबांनी तीन वर्षं घासली होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एकच उत्तर बारा शिक्षकांना तपासायला दिलं तर बाराजणांचं एकमत कधीच होत नाही, तेव्हा परीक्षेतले गुण बंद करावेत. अभ्यासक्रम समितीने अहवाल उचलून धरला की विभागप्रमुखाची खुर्ची त्यांचीच, असं कानावर आलं होतं.

अक्षर पाहून कोणी गुण देऊ नयेत म्हणून चाळीस मुलांची उत्तरं कारकुनाने आपल्या अक्षरात उतरवली. प्रती बारा शिक्षकांकडे गेल्या. त्यांत साहेबांची बायकोही होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

समितीच्या बैठकीच्या आदल्या सकाळी साहेब चहा घेता घेता गुणांचा तक्ता बघत होते. चाळीस ओळी अगदी मनासारख्या होत्या. एकाच उत्तराला कुठे एक, कुठे साडेचार. एकेचाळिसाव्या ओळीत मात्र बारा शून्यं हारीने बसली होती.

त्यांनी कारकुनाला फोन लावला. "मुलं चाळीस, मग हा एकेचाळिसावा कुठून उपटला?"

"फाइलीत जेवढे कागद होते तेवढे उतरवले, साहेब. त्या शेवटच्या पोराने तर दीड पान लिहिलं होतं. माझी बोटं अवघडली."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. ते दीड पानाचं उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं होतं, शिक्षकांना नमुना म्हणून.

"अगं, एकेचाळीस नंबर तू तपासलास ना?" त्यांनी बायकोला विचारलं.

"ते होय," बायको हात पुसत बाहेर आली. "दीड पान दळण दळलंय, पण ऊन आणि वारा शेवटपर्यंत आलेच नाहीत. शेरा दिलाय मी खाली."

शेरा होता: 'पालकांना भेटायला सांगा.'

"ते मी लिहिलंय," साहेब हळूच म्हणाले.

बायकोने कागद पुन्हा वाचला. गुण काही वाढले नाहीत. "आई, जरा बाहेर या," तिने सासूबाईंना हाक मारली. "तुम्हालाच भेटायचं होतं."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चौथीपासून हे असंच आहे गं," त्या म्हणाल्या. "पाणी हवंय का विचारलं तरी आधी प्रस्तावना."

ओळ खोडावी, तर कारकुनाने तक्ता कालच समितीला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाईंनी चाळीस ओळींवरून नुसती नजर फिरवली आणि एकेचाळिसावीवर बोट ठेवलं.

"एकमत होत नाही म्हणता, मग हे काय?"

"अपवाद आहे तो."

"अपवाद कसला, बिचारं पोर आहे. बारांतल्या एकालाही अर्धा गुण द्यावासा वाटला नाही, म्हणजे किती मागे पडलं असेल. गुण नसते तर ते सापडलं असतं का? गुण राहू द्यात चालू. याला मात्र रोज तासभर जादा शिकवणी द्या. तुमच्यामुळे सापडलंय, तेव्हा प्रगती दरमहा तुम्हीच कळवा, विभागप्रमुख म्हणून."

खुर्ची मिळाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी साहेब वही घेऊन बायकोसमोर बसतात. पहिल्या महिन्याचा प्रगती अहवाल त्यांनी दीड पानाचा लिहिला. बायकोने लाल पेनने तो सगळा खोडला आणि एकच ओळ ठेवली: 'विद्यार्थी हजर असतो.'