सहादूच्या बारा शेळ्या

निकिता मॅडमच्या तिसरीतल्या बावीसच्या बावीस पोरांनी सातव्या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं होतं, आणि तेही चूक. राज्यभर एकाच दिवशी झालेल्या चाचणीत ही एकी संगणकाला खपली नाही. त्याने शेरा मारला : सामूहिक कॉपी. आठवड्याभरात हरसूलजवळच्या त्या पाड्यावरच्या शाळेत नोटीस येऊन धडकली. खुलासा पटला नाही तर वर्गाचा निकाल रद्द आणि मॅडमच्या सेवापुस्तकात नोंद. दोन वर्षांच्या नोकरीत मॅडमनी त्या पुस्तकाला डाग लागू दिला नव्हता. त्यांचं धाबं दणाणलं.

प्रश्न तसा साधाच होता. ‘सहादूकडे १२ शेळ्या आहेत. त्यांतील ५ त्याने विकायला बाजारात नेल्या. तर घरी किती उरल्या?’ खाली पर्याय : ५, ७, १२, १७. पोरांनी एकमुखाने बाराचा गोल काळा केला होता.

चौकशीला विस्तार अधिकारी देवरे साहेब आले, ते नेमके बाजाराच्या दिवशी. त्यांनी एकेका पोराला व्हरांड्यात वेगळं बोलावलं. तिथे खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाईंच्या कोंबड्या साहेबांच्या फायलीवरून खुशाल फिरत होत्या.

“बारातून पाच गेले, किती?” साहेबांनी विचारलं.

“सात,” पायल फाडकन म्हणाली.

“मग इथं बारा का?”

“ह्या सहादूबाबाच्या शेळ्या हायेत ना, सर.”

“कोण सहादूबाबा?”

“वड्याच्या पल्याड ऱ्हातो त्यो.”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. पेपर काढणाऱ्याने सहादू नाव सहज सुचलं म्हणून लिहिलं असेल. पाड्यावर मात्र सहादू एकच होता आणि त्याच्या शेळ्याही बाराच होत्या. पायलनंतर संघर्ष नावाचा पोरगा आला. त्याने सगळा उलगडा केला.

“बाबा दर बाजाराला पाच शेळ्या नेतो. भाव पटत नाय. मंग सांजच्याला पाची परत आणतो.”

“आणि पटला एखाद्या दिवशी तर?”

“तरी नाय इकत. गिऱ्हाईक शेळीच्या दाव्याला हात लावतं न् बाबाला रडू येतं.”

उरलेल्या वीस पोरांनीही हेच सांगितलं. साहेब आणखीनच संशयाने पाहू लागले. “पढवलेलं दिसतंय सगळं. मला पुरावा पाहिजे, मॅडम. येऊ द्या तुमच्या सहादूला.”

दुपारभर चतुराबाईंनी चहा पाजला. मॅडमना तो कडू लागत होता. सहादूला आजच गिऱ्हाईक पटलं तर? आज त्याला रडू आलंच नाही तर? त्यांनी मनातल्या मनात सप्तशृंगीला नवस बोलून टाकला.

दिवस कलला आणि ओढ्यापलीकडून घुंगरं वाजली. साहेब फाईल घेऊन उठले, पोरं त्यांच्यामागे पळाली. सहादूच्या गोठ्यात सात शेळ्या होत्या. सहादूच्या मागे पाच होत्या. मॅडमचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सहादूने काखेतलं फडकं बाजूला केलं. आत ओलंचिंब करडू होतं.

“बाजारातच याली, सायेब,” तो लाजत म्हणाला.

साहेबांनी दोनदा मोजलं. तेरा भरल्या. पायलने त्यांच्या हातातला पेपर वाकून पाहिला, चारही पर्यायांवरून बोट फिरवलं.

“सर, ह्यात तेरा तर नायच!”

देवरे साहेब मूळचे कळवणकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. सहादूने करडू त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांच्यातला अधिकारी कुठल्या कुठे पळाला. करडू कुशीत धरूनच त्यांनी अहवाल लिहिला : ‘कॉपी नाही. प्रत्यक्ष मोजणी केली. दिलेल्या पर्यायांत योग्य उत्तर आढळले नाही. सर्वांना गुण द्यावेत.’ मॅडमना इतका आनंद झाला की त्या सहादूच्या पाया पडायच्याच बाकी होत्या.

पुढच्या वर्षी चौथीच्या पेपरांचं पाकीट मॅडमनी निर्धास्तपणे फोडलं. वर्गात पेपर वाटले, मग स्वतः वाचायला घेतला. पाचवा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. ‘चतुराबाईकडे ९ कोंबड्या आहेत...’

वर्गात बावीस पेन्सिली एकदम खाली ठेवल्या गेल्या. संघर्षने हात वर केला.

“मॅडम, मोजून येऊ?”