चौकी क्रमांक अकराची अधिकृत समाप्ती

सुरतेतल्या लिंबायतच्या भटूआप्पांचा एक प्रश्न एकतीस वर्षं प्रलंबित होता : कप्तान घरी आला का?

प्रश्न ‘चौकी क्रमांक अकरा’ या हिंदी विज्ञानमालिकेचा होता. दर रविवारी सकाळी ती लागे. कप्तान दोन वर्षांसाठी म्हणून शनीपलीकडे जातो, यान बिघडतं, आणि पृथ्वीवर त्याची पोरगी दर भागाच्या शेवटी गच्चीत टॉर्च पेटवून उभी राहते. भटूआप्पाही साक्री तालुक्यातून दोन वर्षांसाठीच म्हणून सुरतेला कापडाच्या लूमवर आले होते. त्यामुळे अख्ख्या गल्लीत एकच टीव्ही असूनही पहिल्या रांगेतली जागा त्यांची ठरलेली होती.

सव्विसाव्या आणि शेवटच्या भागात यान पृथ्वीच्या दिशेने वळलं, पोरीने टॉर्च उचलला, आणि लिंबायतची लाइट गेली. गल्ली चाळीस मिनिटं काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. लाइट आली तेव्हा पडद्यावर एक तज्ज्ञ कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलत होता.

भाग पुन्हा कधी लागला नाही. सुरतेतच, पांडेसऱ्यात त्या दिवशी लाइट होती, पण तिथली माणसं डाइंग मिलमध्ये पाळीवर होती. कोसाडला लाइट होती, पण टीव्ही नव्हता. पुढे आप्पांची दृष्टी काचबिंदूने गेली, आणि प्रश्न कायमचा दप्तरी दाखल झाला, असं सर्वांना वाटलं.

त्यांची सून हर्षदा पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. तिला फायली बंद करायची सवय नाही. तिने मालिकेच्या म्हाताऱ्या लेखकाला शोधून पत्र लिहिलं. लेखकाने शेवटच्या भागाची अकरा पानं पाठवली, आणि मराठीत श्राव्यनाट्य करायची आनंदाने परवानगीही दिली.

“आप्पा, दिसत नाही तर नाही, ऐकू तर येतं ना?” हर्षदा म्हणाली. “अर्ध्या तासाचं काम आहे. चहा ठेवते आणि वाचून दाखवते.”

“घरमा एकलाच ऐकू का मी?” आप्पा म्हणाले. “सगळी गल्लीनी वाट दखी. मंडळले सांग.”

या संपूर्ण प्रकरणात झालेली चूक एवढीच.

गल्लीच्या मंडळाचे सदस्य त्रेचाळीस होते आणि पदाधिकारी एकेचाळीस. उरलेल्या दोघांना वाईट वाटू नये म्हणून सल्लागार केलेलं होतं. अध्यक्ष निंबाभाऊ. त्यांनी अकरा पानं हातात तोलली, न वाचता परत दिली आणि कप्तानाची भूमिका स्वीकारली.

“आता उपाध्यक्ष सहा आहेत,” ते म्हणाले. “ते सहा उपकप्तान.”

“भाऊ, कप्तान यानात एकटा असतो,” हर्षदा म्हणाली. “तीच तर गोष्ट आहे.”

“एकटा कसा? मंडळ पाठीशी असताना?”

यावर टाळ्या पडल्या. टाळ्या इतिवृत्तात नोंदवल्या गेल्या, त्यामुळे हर्षदाची हरकत आपोआप निकाली निघाली.

खलनायक व्हायला कोणी तयार नव्हतं. म्हणून सभेला न आलेल्या चेतनकडे त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार सोपवण्यात आला. त्याने तो फोनवरच नाकारला. “मना साखरपुडा शे बुधवारले,” तो ओरडला, “नि तुम्ही माले राक्षस करी राहिनात?” कारण रास्त होतं. पद रिक्त ठेवण्यात आलं.

“मग कप्तान अडकतो कशाने?” सरलाबाईंनी विचारलं. त्या महिला आघाडीच्या प्रमुख आणि पदसिद्ध यानातला संगणक होत्या.

“तांत्रिक कारणाने,” निंबाभाऊ म्हणाले. आजवर त्यांचा प्रत्येक कार्यक्रम तांत्रिक कारणानेच उशिरा सुरू झाला होता, त्यामुळे हे सर्वांना पटलं.

ध्वनिमुद्रण लूमच्या कारखान्याशेजारच्या खोलीत झालं. बत्तीस लूमची धडधड हाच यानाच्या इंजिनाचा आवाज मानण्यात आला. कलाकारांनी उभा जन्म त्याच आवाजात बोलून काढलेला असल्याने ‘यानात निःशब्द शांतता आहे’ हे वाक्यही त्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडून म्हटलं.

उड्डाणापूर्वी यानाची पूजा झाली. मग दीपप्रज्वलन, मग मान्यवरांचं स्वागत. शनीवरच्या प्राण्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याला खांदे चार असल्याने शाली दोन लागल्या. कोणाची शाल अगोदर, यावरून दोन उपकप्तानांत बाचाबाची झाली. तेवढाच काय तो नाटकातला संघर्ष, म्हणून तो तसाच ठेवला.

एवढं झाल्यावर नाटक कोणालाच समजेना. तेव्हा चिटणीस योगेंद्र यांनी साथीपुस्तकाची कल्पना मांडली.

“फॉरेनमां पण असंच करतात,” ते म्हणाले. “मालिका, मग ऑडियो, मग चोपडी. जे ऐकून समजत नाही ते वाचायचं.”

“आणि दोन्हींत फरक पडला तर?” हर्षदाने विचारलं.

योगेंद्र यांना हा प्रश्न आवडला. त्यांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला : ‘जे ऐकू आले परंतु साथीपुस्तकात छापलेले नाही, ते ऐकू आले नाही असे समजण्यात यावे.’

“बराबर छे,” असं म्हणून त्यांनी स्वतःच अनुमोदनही दिलं.

साथीपुस्तक एकशे चौऱ्याऐंशी पानांचं झालं. अध्यक्षांना अख्खं पान, उपाध्यक्षांना अर्धं, इतरांना पासपोर्ट फोटोएवढी जागा. त्यातल्या अंतराळाच्या नकाशात प्रत्येक सदस्याच्या नावाचा ग्रह हवा होता. ग्रह कमी पडले. पण शनीला चंद्र भरपूर, ही विज्ञानाची मंडळावर फार मोठी कृपा. ‘चंद्र सरलाबाई’वर वातावरण आहे की नाही, यावर दोन बैठका झाल्या. वातावरण खेळीमेळीचं आहे, असं छापायचं ठरलं.

या सगळ्यात शेवटच्या भागाला साथीपुस्तकात जागा उरली नाही.

“भाऊ, त्याच्यासाठी तर हे सगळं केलं ना?” हर्षदा म्हणाली. “आप्पा एकतीस वर्षं थांबलेत.”

“मग आणखी एक आवृत्ती थांबतील. सवय आहे त्यांना. पण ताई, तू काळजी करू नको. आप्पांचा फोटो घेतलाय आपण.”

प्रकाशन समाजाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ठेवलं. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. श्राव्यनाट्य अठ्ठावन्न मिनिटांचं होतं, त्यांतली एकोणपन्नास मिनिटं स्वागताची. पन्नासाव्या मिनिटाला यान उडालं. चोपन्नाव्या मिनिटाला सरलाबाई संगणकाच्या आवाजात ओरडल्या, “पृथ्वी दिसू राहिली!” आप्पा पुढे सरकले. त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. गच्चीचं दार वाजलं. टॉर्चचं बटण खट् झालं.

“आणि आता,” ध्वनिफितीतून निंबाभाऊंचा आवाज आला, “आभारप्रदर्शन.”

आभार संपायच्या आत पुढच्या लग्नाच्या हळदीवाल्यांनी हॉल ताब्यात घेतला.

घरी आल्यावर हर्षदाने आप्पांना खाटेवर बसवलं, चहा दिला, पिशवीतून अकरा पानं काढली आणि वाचायला सुरुवात केली. ती चांगलं वाचते. यान वळलं, वातावरणात शिरलं, तापलं. गच्चीवर पोरगी एकटी उभी होती. टॉर्चचे सेल संपत आले होते. आप्पांचा चहा तसाच राहिला. न दिसणाऱ्या डोळ्यांनी ते छताकडे बघत होते.

दहावं पान संपलं. हर्षदाने अकरावं उचललं.

“थांब जरासं,” आप्पा म्हणाले. “हाई पुस्तकमा छापेल शे का?”

“नाही आप्पा. पण हेच खरं आहे. लेखकानेच लिहिलंय.”

“छापेल नही?”

“नाही.”

 आप्पांनी उशाशी ठेवलेलं साथीपुस्तक मांडीवर घेतलं आणि कोऱ्या कागदाच्या वासाच्या त्या पानांवरून हात फिरवला.

“मना फोटू कोठे शे?”

“एकशे अठरावर.” हर्षदाने पान काढून त्यांचं बोट फोटोवर टेकवलं.

“कितला मोठा शे?”

“पासपोर्ट एवढा.”

“आनी निंबाना?”

 शिक्षिका असल्याने हर्षदाला खोटं बोलता आलं नाही. “अख्खं पान.”

“अख्खं?” आप्पा खाटेवरून ताडकन उठले. “त्याले लूमवर मी लाया! तुटेल दोराले गाठ मारता येत नव्हती त्याले! चाल, काठी दे मनी. मंडळमा जाऊत.”

अकरावं पान खाटेवर राहिलं.

दुसऱ्या आवृत्तीचं काम सध्या जोरात आहे. पहिल्या आवृत्तीबद्दल मंडळाकडे त्रेचाळीस तक्रारी आल्या, त्या सर्व फोटोंच्या. शेवटाबद्दल एकही नाही. अकरावं पान हर्षदाने कपाटात नीट ठेवलं आहे, मागेल त्याला ती ते वाचू देणार आहे.

कप्तान घरी आला का, हे तुम्हालाही जाणून घ्यायचं असेल तर लिंबायतला अवश्य या. येताना स्वतःचे दोन फोटो तेवढे आणा. ते अगोदर मंडळात द्यायचे आहेत, मग हर्षदाकडे जायचं. आजवर सतरा जण आले. सतराही जणांनी मंडळात आपला फोटो कितव्या पानावर येणार ते पक्कं करून घेतलं आणि तिथूनच परत गेले.