शनिवारपर्यंत नादुरुस्त

मास्तरांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अडकला आणि घरातला एकुलता एक आवाज बंद पडला.

पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणून मास्तर. रिव्हॉल्व्हर सासऱ्यांचं, शंभरी ओलांडलेलं. त्यात गोळी कुणी कधी पाहिली नव्हती, पण परवाना मास्तरांनी लग्नाच्या फोटोइतका जपला होता. दर रविवारी बायको ते पुसायची, तेल घालायची आणि 'खट्' करून म्हणायची, "चला, बाबा खुशाल आहेत." ती गेल्यावर 'खट्' मास्तर करू लागले. मशीनचं तेल संपलं तेव्हा त्यांनी डोक्याला लावायचं घातलं. तेल ते तेल! महिनाभरात घोडा जागचा हलेना. तो रविवार मास्तरांना संपता संपेना.

त्यांनी घड्याळवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "आम्ही वेळ दाखवतो मास्तर, कुणाची घटका भरवत नाही. कुलूपवाल्याला विचारा." कुलूपवाल्याने शिलाई मशीनवाल्याकडे धाडलं आणि त्याने कानाला हात लावले. शेवटी परवाना कचेरीतल्या कारकुनाने एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याचा पत्ता दिला. मास्तर रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे टाकून आले.

इकडे त्या तिघांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. म्हणजे आपापल्या बायकोला तेवढी सांगितली होती.

संध्याकाळी मास्तरांची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे वकील घाम पुसत उभे होते.

"मास्तर, आमच्या कुंड्यांचं पाणी तुमच्या कपड्यांवर पडायचं ना? हलवल्या बरं का सगळ्या!"

"अहो, दोन वर्षं सांगत होतो."

"तेच म्हटलं, माणसाचा अंत किती पाहायचा!"

मास्तरांनी आग्रहाने चहा पाजला. वकिलांनी तो दाराजवळच्या खुर्चीत बसून, एका दमात घेतला. पाठोपाठ शेजारीणबाई नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी नेलेली शिडी घेऊन आल्या. "यांचा वेंधळेपणा, तुम्ही मनात धरू नका हं!" असं चारदा म्हणाल्या. जग एकाएकी एवढं सुधारलं कसं, हे मास्तरांना कळेना. पण कपाटातले चार कप त्यांनी धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. एरवी तो एक तारखेला यायचा, तीन मिनिटांचा.

"बाबा, शेजारच्या काकूंनी सांगितलं. ते पिस्तूल कशाला दुरुस्त करताय?"

"आवाजासाठी रे. घर फार गप्प असतं."

मुलगा घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "मी शनिवारी येतो. चार दिवस राहतो. तोवर ते दुरुस्त करायचं नाही. शपथ घ्या!"

आता कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे वेड्या, तसं काही नाही," हे शब्द ओठांवर आले होते. पण 'चार दिवस' ऐकून त्यांनी ते गिळले. शपथ घेतली, चपला घातल्या आणि धावत बंदूकवाल्याचं दुकान गाठलं.

बंदूकवाला एकटाच बसला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"झालं की तुमचं काम! डोक्याचं तेल घातलंत ना? पार चिकटा झाला होता."

'खट्!'

मास्तर मटकन स्टुलावर बसले.

"परत बिघडवता येईल? शनिवारपर्यंत?"

"काय?"

मास्तरांनी कुंड्या, शिडी, मुलगा, सगळं सांगून टाकलं. सांगताना आपल्याला लाज वाटतेय, हेही सांगितलं.

बंदूकवाल्याने रिव्हॉल्व्हरचा एक स्क्रू काढला आणि काड्यापेटीत टाकला.

"घ्या. झालं नादुरुस्त. रविवारी स्क्रू न्यायला या."

"रविवारी मुलगा असेल हो घरी."

"मग त्यालाही आणा." त्याने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून फडक्याने पुसलं. सहा महिन्यांची धूळ होती त्यावर. "आणि दुपार मोकळी ठेवा. माझ्या दुकानात वस्तू लवकर सापडत नाहीत."