कॅनडाचं स्थळ

आमच्या दत्तूमामांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा अर्ज पाठवताना, फोटो मागितलाय म्हणून, तिचा पैठणीतला उभा फोटो पाठवला होता. शेजारी फुलदाणी. अर्जात ‘वर्ण निमगोरा, स्वयंपाकाची आवड’ असं लिहून खाली आजोळचं कूळही दिलं होतं.

मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेत कित्येक वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवत. पुढं लग्नं मोबाइलवर जमायला लागली आणि मुलं शिकायला परदेशी निघाली, तेव्हा त्यांनी पाटीवरचं ‘वधू-वर’ पुसून तिथं ‘परदेशी विद्यापीठ’ रंगवून घेतलं. ‘सूचक केंद्र’ तसंच राहिलं. मामाही तसेच राहिले.

त्यांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे स्थळ आणि विद्यार्थी म्हणजे, मुलगा असो की मुलगी, सासरी निघालेली लेक. गिऱ्हाईक आलं की पानाचा डबा बाजूला सारून ते एकेक देश उलगडतात. “जर्मनी हुंडा मागत न्हाय, पण त्यांची बोली शिकाय लागती. इंग्लंड वर्षात मोकळं करतंय, घाईचं काम. अमेरिकेचं घर मोठं हाय, पण उंबऱ्यातच अडवून धरत्यात.” नकार आला की मुलाची समजूत काढतात, “तुझ्यात खोट न्हाय बाबा. पत्रिका जमली न्हाय.”

मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. गगनबावड्याकडच्या खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. आता कॉलेजात इंग्रजी शिकवतो. आपल्याला शिकायला मिळालं याचं मला अजून नवल वाटतं, म्हणून कुणी शिकायला निघालं की मदत केल्याशिवाय राहवत नाही. मामांचे अर्ज मीच दुरुस्त करतो. निमगोरा वर्ण मी खोडतो, ते पुढच्या अर्जात पुन्हा लिहितात.

मामांनी शेकड्यांनी लग्नं जमवली, स्वतःचं मात्र नाही. विचारलं तर म्हणतात, “गडबडीत ऱ्हायलं की ओ.”

गेल्या वर्षी पेठ वडगावची अश्विनी आली. घरी म्हशी, आणि हिला दुधाच्याच शास्त्रात कॅनडाला पुढचं शिकायचं होतं. मार्क उत्तम, शिष्यवृत्तीही मिळण्यासारखी. अडलं होतं वडिलांपाशी. तिचे तात्या म्हणाले, “मामा, तुमास्नी स्थळ पसंत पडलं तर धाडतो. न्हाईतर न्हाय.”

मुलाखत मामांच्या कार्यालयातच, लॅपटॉपवर झाली. मामांनी सगळ्यांसाठी कांदेपोहे केले होते. एक बशी त्यांनी पडद्यासमोरही ठेवली. तिकडच्या विद्यापीठातल्या बाईंनी अश्विनीला बराच वेळ दुधाबद्दल विचारलं. ती अशी काही बोलली की मला माझ्या वर्गातली पोरं आठवून वाईट वाटलं. शेवटी बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

मामा टोपी सारखी करून पुढं सरकले. “आता आमच्याकडनं. सर, सांगा त्यास्नी.”

मी भाषांतराला बसलो.

“घरात कर्तं माणूस कोण?”

बाई म्हणाल्या, कुलगुरू.

“ते पोरास्नी वळखत्यात?”

बाई हसल्या. सगळ्यांना कसे ओळखतील?

मामा हसले नाहीत. “पोरीला ताप आला तर उशाशी कोण बसणार?”

बाईंनी सांगितलं, एक नंबर आहे, केव्हाही लावता येतो.

“नंबर नगं. माणूस.”

हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. बाई समोरचे कागद चाळू लागल्या. तात्यांनी हातातली बशी खाली ठेवली. “मग ऱ्हाऊ द्या मामा,” ते म्हणाले. अश्विनीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मामा तिच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “स्थळ चांगलं हाय, तात्या. उशाशी बसायचं माझ्याकडं लागलं.”

“तुमी? हितनं?”

“व्हय. हितनं.”

तात्यांना हसू आलं आणि त्या हसण्यात त्यांनी होकार देऊन टाकला. मामांचं ते बोलणं आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही. अश्विनी गेली.

दिवाळीनंतर एका दुपारी मी कॉलेजातून आलो, तर कार्यालयाचं शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो. पंखा बंद. टेबलावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला आणि मामा त्याच्यासमोर खुर्चीत मांडी घालून बसलेले. पडद्यावर अंधार आणि गोधडीचा काठ. तिकडं रात्र होती.

“ताप हाय,” मामा कुजबुजले. “घरात सांगू नगा म्हणाली. सकाळधरनं बसलोय.”

मी म्हटलं, ती झोपलीय, तुम्ही जेवून या.

“मदीच जाग आली आन् हितं कुणी दिसलं न्हाय तर?”

एवढ्यात बाहेरून कुणीतरी गृहस्थ आमच्या कोल्हापुरी आवाजात गरजले, “मामा, पोराला ऑस्ट्रेलियाचं काय जमतंय का बघायचं हुतं.”

मामांनी हात वर केला. “हळू, पावणं. पोरगी आत्ताच झोपलीया.”

पावण्यांनी शटरखालून आत डोकावलं. पोरगी काही त्यांना दिसली नसावी. तरी त्यांनी करकरणाऱ्या चपला काढून हातात घेतल्या आणि गुमान पायरीवर बसून राहिले.