खुज्या प्लवकांचा शोध

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, आणि आपल्या जागी येणाऱ्या मुलीला काम शिकवताना मोजणीबाईंना स्वतःचीच चूक सापडली. प्लवक, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव, सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती.

"आधी भिंगातली पट्टी तपासायची," असं म्हणत त्यांनी मापाची काच खाली सरकवली. रेघा जुळेनात. पट्टी प्रत्येक जीव पाचव्या हिश्श्यानं लहान दाखवत होती.

"कधीपासून?" मुलीनं विचारलं.

बाईंनी नोंदवही उलटून पाहिली. भिंग मध्यंतरी कधीतरी दुरुस्तीला जाऊन आलं होतं. तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती.

याच मापांवर प्रयोगशाळेच्या साहेबांचा सिद्धान्त उभा होता. पाणी तापतंय, त्यातलं अन्न आटतंय. थोडक्यात भागवणारे लहान जीव तगतात, मोठे उपाशी मरतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या सगळी जमातच खुजी होत जाते. साहेब त्यावर नऊ देशांत बोलून आले होते.

घरी नवरा म्हणाला, "सहा आठवडे तोंड मिटून बस. त्या जिवांनी कधी तक्रार केली का?"

दोन दिवस बाईंनी जुन्या बाटल्या काढून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"मग काय, मोठे होताहेत?"

"नाही. थोड्या बाटल्या पुन्हा मोजल्या. होते तेवढेच आहेत."

"एकवीस वर्षांत काहीच झालं नाही?"

"समुद्रात तरी नाही, साहेब."

साहेब हळूच म्हणाले, "तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं आता मिळत नाहीत, बाई." बाईंचे डोळे भरून आले.

शुक्रवारी आदेश हातात पडला. नवा प्रकल्प: 'तापत्या पाण्यातही न बदलणारे प्लवक'. साठवलेल्या सहा हजार चारशे बाटल्या पहिल्यापासून मोजायच्या. बाईंना चार वर्षांची मुदतवाढ.

नवऱ्यानं कागद दोनदा वाचला. "नाही म्हणता येत नाही?"

"कुठल्या तोंडानं म्हणू?"

सोमवारी त्यांनी पहिली बाटली काढली. चिठ्ठीवर त्यांचंच एकवीस वर्षांपूर्वीचं अक्षर होतं, चांगलं टपोरं, ऐसपैस. शेजारी त्यांनी नवी तारीख लिहिली. ती जुन्या तारखेच्या अर्ध्या जागेत मावली.